गंजलेली जुनी पिकअप दुरुस्त करण्यासाठी घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेताच्या बांधावर, गॅरेजच्या मागे किंवा कुणाच्या तरी वाड्यात वर्षानुवर्षं उभी असलेली पिकअप दिसते, मालक ‘घेऊन जा’ म्हणतो आणि मग आम्हाला फोटो येतात. त्यासोबत येणारे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या गाड्या आणि इथली आरटीओ कार्यालयं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पुन्हा तेच लिहावं लागू नये म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घ्यावी की नाही, हे एका वाक्यात सांगता येईल का?

चासी (गाडीचा मूळ लोखंडी सांगाडा) शाबूत आणि कागद जिवंत (म्हणजे नोंदणी चालू) असतील तर विचार करा. या दोन्हींपैकी एक जरी गेलं असेल तर बाकी गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या. इंजिन उघडून बांधता येतं, पत्रा कापून नवा लावता येतो, वायरिंग नव्याने ओढता येतं. कुजलेली चासी आणि रद्द झालेली नोंदणी यांवर मात्र घरच्या अंगणात इलाज नाही.

२. पहिल्यांदाच असं काम करतोय. कोणती गाडी शोधू?

सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील अशी. ‘दुर्मीळ’ गाडीच्या मोहात पहिल्याच वेळी पडू नका.

आमची पहिली पसंती टाटामोबाइल २०६. ही पिकअप टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९८८ मध्ये पुण्यातून बाजारात आणली. तिच्याच पायावर पुढे १९९१ची सिएरा, १९९२ची इस्टेट आणि १९९४ची सुमो उभी राहिली. तिचं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन या गाड्यांनाही होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग सुमोच्या नावाने मागितले तरी बरेचदा काम होतं. अडचण येते ती केबिनच्या पत्र्याची. दरवाजे, बॉनेट आणि काचेभोवतीची रबरं जुन्या गाड्यांमधूनच शोधावी लागतात.

महिंद्राच्या २५२३ सीसी डीआय इंजिनावर चालणाऱ्या जुन्या पिकअप त्याहून सोप्या. हे इंजिन बोलेरोमुळे गावोगावी माहीत आहे आणि ते उघडायला घाबरणारा मिस्त्री सापडणं कठीण. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर पिकअप ज्यांना बालपणापासून आवडते त्यांनी ती जरूर घ्यावी, पण आधी एखादी मोडीतली दुसरी मॅटाडोर भागांसाठी हाताशी असू द्यावी.

३. गंज तर सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो. घाबरायचं कुठल्या गंजाला?

वरवरचा तांबूस थर तारेच्या ब्रशने निघतो आणि खाली घट्ट लोखंड लागतं, तो गंज कामाचा भाग आहे. पापुद्रे सुटत असतील आणि स्क्रू-ड्रायव्हर दाबल्यावर आत जात असेल, तर तिथे लोखंड उरलेलंच नाही.

सगळ्यात आधी गाडीखाली जा. मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोकं चासीला जिथे हँगर आणि शॅकल या लोखंडी कड्यांनी जोडलेली असतात ती जागा पाहा. हौद्यातलं (मागच्या माल ठेवायच्या भागातलं) सगळं वजन तिथून चासीवर उतरतं आणि चाकांनी उडवलेला चिखलही तिथेच साचतो. त्या भागात भोक असेल तर सौदा तिथेच थांबवा. नंतर स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो ती जागा, मग क्रॉस मेंबर म्हणजे आडवे दांडे चासीच्या लांब पट्ट्यांना जोडलेले सांधे. दोन पत्रे एकमेकांवर बसलेल्या ठिकाणी आतून गंज फुगतो आणि पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो. सांधा फुगलेला दिसला की आत बाहेरच्यापेक्षा जास्त नुकसान आहे असं धरा.

केबिनमध्ये रबरी मॅट उचला. पायाखालचा पत्रा, बॅटरीचा ट्रे, काचेच्या रबराखालची खाच आणि दरवाज्याच्या खांबांचं बूड या जागा जवळजवळ ठरलेल्या. यातला फ्लोअर बदलणं सोपं. खांबाचं बूड गेलं असेल तर दरवाजा कधीच सरळ बसत नाही, कारण बिजागरी धरायलाच काही उरत नाही. दरवाजा उघडून वर-खाली हलवून पाहा. बिजागरीसोबत खांबही हलत असेल तर खर्च मोठा.

ब्रेकचे पाइप आणि डिझेलची टाकी कितीही बरी दिसली तरी बदलायचीच, म्हणून त्यांच्या गंजावरून निर्णय घेऊ नका.

४. गाडी आधी काय वाहत होती याने फरक पडतो का?

खूप पडतो, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मासळी वाहणाऱ्या पिकअपमधून बर्फाचं खारं पाणी हौद्यातून सतत चासीवर गळत असतं. खत वाहणाऱ्या गाडीचंही तसंच. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही क्षारच, आणि सांडलेल्या खतात ओल धरली की ते पत्रा खात राहतं. मिठागरांच्या भागातल्या गाड्यांबद्दल वेगळं सांगायला नको. अशा गाडीची केबिन बाहेरून चकचकीत असते आणि मागची अर्धी चासी गेलेली असते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर राहिलेली गाडी आणि जालना-बीडकडची गाडी यांत वर्ष तेच असलं तरी पत्र्यात मोठा फरक दिसतो. मराठवाड्यातल्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असेल, रबरं तडकलेली असतील, पण खालचं लोखंड बहुधा धड असतं. दोन गाड्यांमधून निवड करायची असेल तर उडालेल्या रंगाची घ्या. हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या किंवा जादा पत्रा मारलेला असेल तर एक कोपरा उचलल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. पाहायला जाताना सोबत काय न्यावं?

जुने कपडे, अंथरायला पोतं, टॉर्च, लहान हातोडी, जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि चुंबक. हातोडीने चासीवर एकाच अंतराने ठोकत जा. धड लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं थप्प आवाज करतं. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक दरवाज्यांच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. ते जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

नुकताच काळा रंग मारलेली चासी दिसली तर मालकाला स्पष्ट विचारा की दोन ठिकाणी खरवडून पाहू का. नाही म्हणाला तर परत या. जमलं तर पावसाळ्यात पाहायला जा, केबिनमध्ये पाणी कुठून येतं ते लगेच कळतं.

६. इंजिन कित्येक वर्षं बंद आहे. मालक म्हणतो, ‘बॅटरी लावली की चालू होईल.’ विश्वास ठेवू?

बॅटरी लावून थेट सेल मारू देऊ नका. आधी इंजिन हाताने फिरतं का ते पाहा. पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून गाडी न्यूट्रलमध्ये असताना सावकाश फिरवा. फिरलं तर उत्तम. अडकलं असेल तर डिझेल फवारणारे नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल किंवा पातळ ऑइल सोडून काही दिवस मुरू द्यावं लागतं. जोर लावला तर रिंगा तुटतात.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय. चालू होणारी गाडी असेल तर ती थंड असतानाच पाहायला जा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तो पंप-नोझलच्या कामाने आटोक्यात येऊ शकतो. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून जोरात वाफा येऊ लागल्या तर बोअर-पिस्टनचं काम धरूनच चाला.

हे सगळं असूनही आमचं मत असं की बंद इंजिनामुळे गाडी नाकारू नये, फक्त किंमत कमी करावी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. डिझेल पंपाचं काम मात्र पंपाचंच काम करणाऱ्याकडे द्या.

७. चासीला आधीच वेल्डिंग केलेलं आहे. चालेल का? आणि मी करून घेऊ शकतो का?

कुठे आणि कसं केलंय त्यावर अवलंबून आहे. चासीच्या लांब पट्टीवर आडवं, वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत मारलेलं वेल्डिंग सर्वांत वाईट, कारण वजन पडल्यावर चीर नेमकी त्या रेषेवरून जाते. जाणकार वेल्डर जोडपट्टीची टोकं तिरकी कापतो, म्हणजे ताण एका जागी साचत नाही. गंजलेल्या लोखंडावरच नवी पट्टी चढवली असेल तर ती केवळ झाकपाक आहे, आत गंज चालूच राहतो.

लहान दुरुस्ती चांगल्या हाताकडून करून घेता येते. हँगरची जागा, स्टिअरिंग बॉक्सची जागा किंवा वाकलेली चासी यांत मात्र पडू नका, कारण इथे चूक झाली तर समोरून येणाऱ्याचाही जीव जातो.

केबिनचा पातळ पत्रा साध्या आर्क वेल्डिंगने जळून भोकं पडतात, तिथे सीओटू वेल्डिंगच सांगा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, टाकी उतरवून लांब ठेवा. डिझेलची रिकामी टाकीसुद्धा वेल्डिंगला देऊ नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

८. किंमत किती द्यावी?

खालची मर्यादा काढायला एक साधा मार्ग आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गाडीचं रिकामं वजन किलोत दिलेलं असतं. जवळच्या भंगारवाल्याकडे गाडीच्या लोखंडाचा त्या आठवड्याचा भाव विचारा आणि गुणा. मालकाला दुसरीकडून एवढे मिळणारच आहेत, त्यामुळे त्याखाली तो येणार नाही. त्यावर जे मागतोय त्यातला प्रत्येक रुपया कशाचा, हे त्याने सांगितलं पाहिजे: चालू इंजिनाचा, नव्या टायरचा, की चालू पासिंगचा (आरटीओच्या योग्यता प्रमाणपत्राचा). चालू पासिंगचे पैसे आम्ही आनंदाने देऊ. नव्या रंगाचे एक पैसाही नाही, कारण रंगाखाली काय आहे ते पाहण्यासाठी तो खरवडावाच लागणार आहे.

९. दुरुस्तीचा खर्च आणि वेळ कसा धरावा? कामाचा क्रम काय?

आकडा आम्ही सांगत नाही, गाडीगणिक तो फार बदलतो. पद्धत सांगतो. चासी-पत्रा, इंजिन-गिअरबॉक्स, ब्रेक-स्टिअरिंग, टायर, वायरिंग, रंग आणि कागद असे वेगवेगळे अंदाज प्रत्यक्ष कारागिराकडून घ्या, बेरीज करा आणि तिच्या निम्मी रक्कम वर बाजूला ठेवा. ती बाजूला ठेवता येत नसेल तर गाडी घेऊ नका. अर्धवट उघडलेली गाडी विकायला काढली तर भंगाराहून फार जास्त मिळत नाही.

क्रम असा: आधी कागद, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग चासी, मग इंजिन, त्यानंतर पत्रा आणि अगदी शेवटी रंग. बहुतेक जण उलट करतात, कारण रंग दिसतो. गंज काढलेल्या लोखंडावर त्याच दिवशी प्राइमर मारा. दमट हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीतून पुन्हा तांबूस छटा येते. भर पावसाळ्यात रंगकाम काढू नका.

आणि छप्पर. डोक्यावर पत्र्याची शेड नसेल तर एका बाजूने तुम्ही गंज काढाल, दुसऱ्या बाजूने पाऊस तो परत आणेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करायचं असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोला, ग्राइंडरचा आवाज आणि डिझेलचा वास कुणालाच आवडत नाही.

१०. कागदपत्रांत नक्की काय पाहायचं?

पिकअप पिवळ्या पाटीची म्हणजे मालवाहू असेल, तर पासिंग हाच तिचा प्राण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे वैध योग्यता प्रमाणपत्र नसलेलं परिवहन वाहन नोंदणीकृतच धरलं जात नाही. आठ वर्षांवरच्या गाडीला हे पासिंग दर वर्षी लागतं. ते चुकलं तर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्रीय नियमांत आहे, म्हणजे वर्षाचे १८,२५० रुपये. २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्याविरुद्ध आंदोलनं होऊन स्थगितीही आली होती, तेव्हा तुमच्या गाडीवर आज किती देणं निघतं हे आरटीओतच विचारा. जुन्या गाड्यांच्या पासिंगचं शुल्कही अलीकडे बरंच वाढलं आहे.

पांढऱ्या पाटीची असेल तर पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. चारचाकीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आलं. शिवाय उशिराबद्दल महिन्याला ५०० रुपये आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

याखेरीज परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, थकलेला कर, ई-चलन आणि नोंदणीची स्थिती पाहा. बँक केव्हाच बंद झाली तरी बोजा नोंदीत राहतो आणि तो उतरवल्याशिवाय नावावर होत नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवणंही आता बंधनकारक आहे.

११. पिवळी पाटी पांढरी करून घेता येईल ना?

हे गृहीत धरून गाडी घेऊ नका. गाडी मुळात मालवाहू वर्गात मंजूर झालेली असेल तर फक्त ‘मी भाड्याने चालवत नाही’ एवढ्याने वर्ग बदलत नाही. काही डबल केबिन पिकअप सुरुवातीपासूनच खासगी नोंदलेल्या असतात. पांढरीच पाटी हवी असेल तर तशीच शोधा.

दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं परिवहन वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. विम्याचा भार मात्र जाणवतो: २०२२च्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १६,०४९ रुपये होता, १,५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा ७,८९७. वर्षाला चार फेऱ्या मारायच्या असल्या तरी तो पूर्ण भरावा लागतो.

१२. विकणारा मूळ मालक नाही. मधे तीन हात बदललेत, सह्या केलेले कोरे फॉर्म आहेत. चालेल?

कोऱ्या फॉर्मवर पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाच्या अर्जांवर) सही करणारा माणूस आज हयात आहे का, त्या पत्त्यावर राहतो का, त्याची सही जुळते का, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. ज्याच्या नावावर आरसी आहे त्याला भेटा, नाहीतर फोनवर तरी बोला. त्याच्याही हिताचं आहे ते. कायद्याच्या दृष्टीने नोंदीतला मालक तोच राहतो आणि अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं आहे.

मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी होऊ द्या. बाकीच्या वारसांची संमती त्यातच येते. वडिलांची गाडी एका भावाने परस्पर विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली, असं सर्रास होतं.

१३. चासी नंबर गंजामुळे वाचता येत नाही. काय करू?

गाडी घेण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. पेन्सिलने कागदावर चासी नंबरचा छाप घेऊन पाहा, बऱ्याच अर्जांना तो जोडावा लागतो. छाप अर्धवट उमटत असेल तर रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू साफ करा. तिथे ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका, घासलेला नंबर म्हणजे चोरीची शंका. खरंच गेला असेल तर सध्याच्या मालकाने आरटीओकडे अर्ज करून परवानगीने पुन्हा ठोकून घ्यावा, मग व्यवहार करा. स्वतः ठोकलेला नंबर हा गुन्हा ठरतो.

१४. सरकारी खात्याच्या लिलावात पिकअप स्वस्त मिळतेय. घेऊ का?

वय पाहा. केंद्र, राज्य, महापालिका आणि सरकारी उपक्रमांच्या पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात येते आणि तिचं नूतनीकरण होत नाही. अशी गाडी मोडीतच जायची असते, ती रस्त्यावर आणायच्या आशेने पैसे गुंतवू नका.

१५. दिल्लीकडून पिकअप आणली तर? तिथे स्वस्त मिळतात म्हणे.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या विकायला निघतात, आणि हवा कोरडी असल्याने पत्रा चांगला असतो हे खरं. पण मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका, आणि इथला कर आधी काढून पाहा. गाडी आणण्याचं भाडं, कर आणि नवी नोंदणी धरल्यावर जवळची थोडी महाग गाडीच बहुधा परवडते. नोंदणी तिथे आधीच रद्द झाली असेल तर विषय संपला.

१६. ‘विंटेज’ नोंदणी करून हे सगळं टाळता येईल का?

२०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी, आणि तीही चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली. टाटामोबाइल १९८८ची, त्यामुळे ती बसतच नाही. बसणाऱ्या गाडीलाही रोजच्या वापराची परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

१७. दुसरं इंजिन किंवा इलेक्ट्रिक किट बसवलं तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी, मग बदल. त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन पावतीसह बसवून नवा नंबर आरसीवर चढवून घेणं हे नेहमीचं काम आहे. वेगळ्या कंपनीचं मोठं इंजिन, चासी लांब-आखूड करणं किंवा हौदा काढून जीपसारखी बॉडी चढवणं यांना मंजुरी मिळेल असं धरू नका. इलेक्ट्रिक किट त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलंच लागतं. विकत घेत असलेल्या गाडीतलं इंजिन आरसीवरचंच आहे का, हे प्रश्न १० मधल्या तपासणीसोबत पाहून घ्या.

१८. कागद अजिबात नाहीत, पण मला ती फक्त शेतावर वापरायची आहे. तरी नको?

शेत एका तुकड्यात, कुंपणाच्या आत असेल आणि गाडी तिथून कधीच बाहेर पडणार नसेल तर प्रश्न मर्यादित आहे. पण बहुतेकांच्या दोन शेतांमध्ये गावचा रस्ता असतो किंवा पाणंद, आणि लोकांना ये-जा करण्याचा हक्क असलेली वाट कायद्याने सार्वजनिक ठिकाण ठरते. तिथे विनाविमा गाडीने कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून जाते.

कागद नसण्याचं कारणही शोधा. आरसी फक्त हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून मालक फॉर्म २६ ने दुसरी प्रत काढू शकतो. त्याला ते कामच करायचं नसेल तर गाडी चोरीची असण्याची किंवा नोंदणी रद्द झालेली असण्याची शक्यता आहे. चोरीची निघाली तर अडकणार तुम्ही. मालक खरा असेल आणि रद्द नोंदणीचा कागद दाखवत असेल, तर फक्त इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे असे भाग पावतीवर विकत घ्या आणि चासी त्याच्याकडेच राहू द्या.